गोजरबाईच्या वाकळेचं मूळ

चित्र काढायला हात लागतो. चित्रावर लिहायला डोळा लागतो. आणि असा डोळा, नम्रपणे सांगतो, त्या काळी पूर्णेपासून हिंगोलीपर्यंतच्या रेल्वेच्या रुळावर एकच होता. माझा!

हाताचं विचाराल तर चित्रकलेच्या परीक्षेत मी तांब्या काढला होता. परीक्षकांनी शेरा मारला, "कोंबडी बरी आहे. पाय राहिले." त्याच दिवशी ठरवलं, आपण काढायचं नाही, दुसऱ्यांनी काढलेल्याला नावं ठेवायची. दिवसा हळदीच्या वखारीत नोकरी करायची आणि संध्याकाळी कलेवर लेख लिहायचे. वखारीमुळे बारा महिने मी हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा असे. लग्न मात्र झालेलं नव्हतं!

हैदराबादच्या 'चित्रकुंज' मासिकानं माझे तीन लेख छापले. मग एकेचाळीस सालच्या पौषात खुद्द संपादकांचं पत्र आलं: "आपण हिंगोलीस वाकळांचे प्रदर्शन भरवीत असल्याचे कळले. आमच्याकडे उपसंपादकाची जागा रिकामी आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. प्रदर्शन पसंत पडल्यास जागा आपली."

वखारीत शिंकत शिंकत ते पत्र मी सात वेळा वाचलं. कलेवर लिहून पोट भरणारा माणूस आमच्या मुलखात तोवर जन्मलेला नव्हता. तो मी होणार होतो!

वाकळा मात्र सुखासुखी मिळाल्या नाहीत. ऐन थंडीत मी गाडी जुंपून गावोगाव फिरलो. गोरेगावात तातेराव नावाचे एक म्हातारबा वाकळेत गुरफटून ओट्यावर बसले होते.

"आजोबा, ही कला आहे. आठ दिवसांसाठी द्या."

"आन् म्या काय पांघरू? तुमचा लेख?"

तरी अकरा वाकळा जमल्या. बारावी पुसेगावच्या गोजरबाईंची. ती पाहिली आणि बाकीच्या अकरा मला पोतेरी वाटू लागल्या. चार बोटं जाड, वर हिरव्या-पिवळ्या ठिगळांची नक्षी, आणि धावदोरा असा की मुंग्यांची रांग चालली आहे.

"आमच्या आजेसासूपासूनची हाय," गोजरबाई म्हणाल्या. "घरात नवी बाई आली की ती आपल्या लुगड्याचा एक थर वरून चढिवते. माझी बेबी बाळंतपणाला आली हाय. लेकरू पयलं ह्याच वाकळेवर टाकायचं, आमच्या घरचा रिवाज हाय. मंगळवारी बाजाराला येईन तवा घेऊन जाईन. टाकाबी हलता कामा न्हाई!"

"मावशी, जिवापेक्षा जपेन!"

"तुझ्या जिवाचं मला काय करायचंय? वाकळ जप."

वाचनालयाच्या माडीवर मी दोऱ्या बांधून वाकळा टांगल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी लावली. मधल्या भिंतीवर गोजरबाईंची. शिवाय बावीस पानांचा लेखही तयार होता, 'वाकळेच्या मूळ आकृतिबंधाची मीमांसा'. त्यात काय म्हटलं होतं ते विचारू नका, मलाही नीट कळलं नव्हतं. पण वजन होतं!

रविवारी दुपारी त्या वाकळेकडे कौतुकानं बघत असता कोपऱ्यात एक दोरा लोंबताना दिसला. तिथं वरचं ठिगळ जरासं विरलं होतं आणि आतून काहीतरी लालभडक डोकावत होतं. माझ्या डोक्यात वीज चमकली. हे हिरवं-पिवळं सगळं नंतरचं! खरं मूळ आत आहे! संपादकांना जर मूळ वाकळ दाखवली तर उपसंपादक कसला, ते मला स्वतःची खुर्ची देतील!

खालच्या दुकानातले जलालुद्दीन दर्जी चहा घेऊन वर आले होते. माझ्या हातातली कात्री बघून त्यांचा चहा सांडला.

"व्यंकटराव, क्या करून राहिले तुमी? धागा नक्को खींचो!"

"चाचा, फक्त वरचा थर. मूळ बघतो आणि परत लावतो."

"तीस बरसपासून मशीन चलवतो मी. उसवायला येतं सबको. आगे तुमची मर्जी."

मी दोरा ओढला. हिरवं-पिवळं सुटलं आणि आत लालभडक नारायणपेठी काठ निघाले. वा! पण त्या लालाच्या फटीतून काळं दिसत होतं. म्हणजे लालही मूळ नव्हे! लाल उसवलं. आत काळी चंद्रकळा. तिच्याखाली पांढरं. आता तर थांबणं शक्यच नव्हतं. आता मी तज्ज्ञ नव्हतो, उंदीर झालो होतो! शेवटचा टाका तुटला आणि माडीभर ठिगळांचा ढीग पसरला. मधोमध एक जीर्ण, पांढरं, भोक पडलेलं फडकं उरलं.

जलालुद्दीनचाचांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"मुबारक हो. मिल गया मूळ. किसीका धोतर है."

त्यानंतर मला जो घाम फुटला, तो पौषाच्या थंडीतसुद्धा तातेरावांना पांघरायला पुरला असता. वाकळ कुठाय? संपादकांना काय दाखवू? गोजरबाईंना काय देऊ? त्या पोटुशी बेबीबाईचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी येऊ लागला!

सोमवारी मी शास्त्रशुद्ध उपाय केला. वखारीत पोट दुखत असल्याचा निरोप धाडला, प्रत्येक ठिगळाला खळीनं आकड्याची चिठ्ठी चिकटवली आणि ठिगळं ओळीनं मांडली. मग खळ वाळावी म्हणून खिडकी उघडली. वारा आत आला. अर्धी ठिगळं आणि सगळ्या चिठ्ठ्या बाजारपेठेवर गेल्या! मी धोतर सावरत रस्त्यावर धावलो. एक ठिगळ पानवाल्याच्या टोपीवर मिळालं, एक म्हशीच्या शिंगावर. म्हैस द्यायला तयार नव्हती.

"चाचा, मशीननं शिवा हो!"

चाचांना माझी दया आली. चार थर एकावर एक ठेवून त्यांनी मशीन चालवलं. कट्ट! सुई मोडली. दुसरी घातली. कट्ट! तिसरी मोडल्यावर त्यांनी मशीनवर प्रेमानं हात फिरवला आणि मला जिन्याकडे बोट दाखवलं.

मंगळवार उजाडला. मी बेत केला की आधी स्टेशनावर जायचं, संपादकांना अकरा वाकळा दाखवायच्या, बारावीला पाहुण्यांकडे गेली म्हणायचं, आणि गोजरबाई दिसल्या की गाव सोडायचं. माडीवरच सदरा चढवतो तोच जिन्यात बांगड्या वाजल्या. गोजरबाई, त्यांची शेजारीण रुख्मिणीबाई आणि आणखी तिघी! बाजाराआधी आपली वाकळ भिंतीवर कशी दिसते ते बघायला, नवी लुगडी नेसून आल्या होत्या.

मी ढिगापुढे हात पसरून उभा राहिलो.

"मावशी, तुमची वाकळ... तिचा अभ्यास चालू आहे!"

गोजरबाईंनी मला बाजूला सारलं. ढीग पाहिला. मला वाटलं आता ओरडतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या ढिगाशेजारी मटकन खाली बसल्या. लाजेनं मला माझ्याच पायांकडे बघवेना. एवढा डोळा असून मी त्या बाईच्या घरातल्या बायकांच्या तीन पिढ्या एका दुपारात विसकटून टाकल्या होत्या.

मग त्यांनी ढिगातून तो लाल काठ उचलला. गालाला लावला.

"रुख्मे, ह्यो सासूबाईंचा. म्या लग्न होऊन आले तवा वाकळेवर ह्योच दिसायचा. माझा थर चढिवल्यापासून दिसलाच न्हाई बघ. तीस वर्सं पांघरली, पन दिसला न्हाई."

रुख्मिणीबाईंनी काळं फडकं ओढलं. "आन् ही चंद्रकळा तुझ्या आजेसासूची. माझी आय सांगायची, म्हातारी ही नेसून खळ्यावर उभी राहिली की गडी बिड्या इझवायचे!"

"आन् ह्ये धोतर?"

"आजेसासऱ्याचं! भोक बघ की, तमाखूच्या इस्तवाचं!"

पाचीजणी हसायला लागल्या. गोजरबाई हसता हसता रडल्या, रडता रडता माझ्याकडे वळल्या.

"तू गाढवच हायेस व्यंकटराव. पन सासूबाईंचं त्वांड दाखिवलंस. जा, सुया आन. पाची सुया. बाजार ऱ्हाऊ दे आज. बेबीचं पोट खाली आलंय, वाकळ दिवस मावळायच्या आत झाली पायजे!"

चाचांनी सुया दिल्या, दोऱ्याची आख्खी रिळं दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "बच्चेका काम है." बायका चारी कोपऱ्यांना बसल्या. मला काम मिळालं सुईत दोरा ओवायचं. तेही नीट जमेना. मग एका कोपऱ्यावर टाके घालायला बसवलं. माझे टाके पाहून रुख्मिणीबाई म्हणाल्या, "ह्यो काय धावदोरा हाय? ह्यो तर लंगडा दोरा हाय!"

आणि या सगळ्या धांदलीत मी स्टेशन साफ विसरलो!

दाराशी खाकरण्याचा आवाज आला. काळा कोट, चष्मा, हातात बॅग. संपादक! स्वतः टांगा करून, पत्ता विचारत आले होते. मी मांडी घालून बसलेला, तोंडात दोरा, अंगाला खळ, डोक्याला कुणाचंसं ठिगळ चिकटलेलं.

"का हो," त्यांनी मलाच विचारलं, "ते कलासमीक्षक व्यंकटराव कुठे भेटतील?"

मी दोरा गिळला. पण गोजरबाईंनी सुईनंच दाखवलं, "ह्यो काय ह्यो. वाकळ उसवून बसलाय."

संपला खेळ! हैदराबाद संपलं. जन्मभर हळद! मी घाईघाईनं बावीस पानं त्यांच्या हातात कोंबली, निदान विद्वत्ता तरी दिसावी म्हणून. पण ते जोडे काढून बायकांजवळ सतरंजीवर बसले होते.

"बाई, ही रंगसंगती आपण कशी ठरवता?"

"ठरवायचं काय त्यात? जिथं इरलं तिथं लावलं," गोजरबाई म्हणाल्या. "पन लाल शेजारी लाल लावत न्हाई. दोघी सासवा शेजारी बसवल्यागत व्हतं."

संपादकांनी वही काढली. मग दुपारभर त्या बोलत होत्या, चौघी मधे मधे त्यांना खोडून काढत होत्या आणि संपादक लिहीत होते. मी दोनदा तोंड उघडलं. "आकृतिबंधाच्या दृष्टीनं..." म्हणताच रुख्मिणीबाईंनी सुई पुढे केली, "दोरा घाल!"

दिवस मावळायच्या आत वाकळ शिवून झाली. या खेपेला लाल काठ वर घेतला होता. गोजरबाईंनी ती घडी करून डोक्यावर घेतली, जाताना माझ्या कोपऱ्याकडे नजर टाकली आणि नाक मुरडलं. "ऱ्हाऊ दे. उसवायला येळ न्हाई."

त्या गेल्यावर संपादकांनी तांबडी पेन्सिल काढली आणि माझा लेख वाचायला घेतला. पहिलं पान खोडलं. दुसरं खोडलं. दहावं, पंधरावं. विसाव्या पानावर पेन्सिल थांबली. मला वाटलं, जमलं! त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढे खोडू लागले. शेवटी बावीस पानांत एकच वाक्य उरलं: "ही वाकळ पुसेगावच्या गोजरबाईंची आहे."

"एवढं खरं आहे. हे छापू. बाकी त्या बाई बोलल्या तसंच," ते म्हणाले. "जागा आपली. शनिवारी निघा."

"माझी?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पण साहेब, मी तर वाकळ..."

"वाकळ उसवलीत ती चूकच. पण मी तीन वर्षं गावोगाव हिंडतोय, बायका माझ्यापुढे कधी एवढं बोलल्या नाहीत. आपल्यापुढे शिव्या देत का होईना, बोलल्या. असा माणूस मला हवा. फक्त त्या बोलत असताना आपण बोलू नका."

शनिवारी स्टेशनवर चाचा पोचवायला आले. पुसेगावच्या गाडीवानाकडून निरोप घेऊन आले होते. बेबीबाई शुक्रवारी पहाटे सुटली, मुलगी झाली, दोघी खुशाल. मुलीला रिवाजाप्रमाणे वाकळेवर टाकली.

"आणि वाकळ? टिकली ना चाचा?"

"टिकली ना! लेकिन गोजरबाईनं खास सांगितलंय, बोलली, व्यंकटरावला कळव. बच्चीनं पहिली शू केली वो तुमच्या कोपऱ्यावर. बराबर टाक्यांवर."

गाडीनं शिट्टी दिली. खिडकीत बसून मी नीट विचार केला. माझ्या हातच्या कलाकृतीवर आजवर आलेला तो एकच अभिप्राय. आणि संपादकांच्या पेन्सिलीपेक्षा तो, खरं सांगतो, बराच सौम्य होता!