भिंगरीला झालंय तरी काय

पोरगी हट्टी आहे, आजारी नाही, हे लाँड्रीवाली घसा कोरडा होईपर्यंत सांगत होती. पण एकाने तरी विश्वास ठेवला असेल तर शपथ. मुलाला सांगून झालं, सुनेला सांगून झालं, नवऱ्याला सांगून झालं. पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तिने सोडलं नाही. गिऱ्हाईक "हो का" म्हणालं आणि पँट घेऊन सटकलं.

(सटकलं, कारण तिच्यापुढे उभं राहून वाद घालायची त्या गल्लीत कोणाची छाती नव्हती. बाई चौथीपर्यंत शिकलेली, पण आवाज असा की समोरच्या दुकानातल्या बरण्या थरथरायच्या. गल्लीने तिचं नाव 'तोफ' ठेवलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिला सोडून. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा तिचा पोटचा मुलगासुद्धा घरी पोचला की "आज तोफ कोणावर धडाडली?" असं बायकोला खुशाल विचारायचा. तेही लेकीच्या देखत. एवढ्याशा पोरीला काय कळतंय, म्हणून.)

तर ती पोरगी म्हणजे भिंगरी. वय साडेतीन वर्षं. आईबाप नोकरीला, म्हणून दिवसभर आजीआजोबांच्या लाँड्रीत. एकदा सून ऑफिसातून लवकर सुटली आणि सहज लाँड्रीत डोकावली. बघते तर भिंगरी फरशीवर उताणी, टाचा आपटतेय, तोंड लालबुंद, सूर टिपेला. आणि सासूबाई तिच्याकडे पाठ करून कपड्यांची गाठोडी सोडतायत.

सुनेच्या काळजाचं पाणी झालं. हे असं नेहमी होतं का, तिने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, रोज होतं, त्यात काय एवढं, पोर आहे, हट्ट करणारच.

सून घरी जाऊन फोन घेऊन बसली. एकामागून एक व्हिडिओ बघितले. प्रत्येकात कोणीतरी गंभीर चेहऱ्याने लक्षणं सांगत होतं. मनासारखं झालं नाही की आदळआपट. हाक मारली तरी वळून न बघणं. एकाच वस्तूकडे टक लावून बसणं. सगळी जुळली. (ही सगळी आपल्या नवऱ्यालाही लागू पडतात हे तिच्या ध्यानात आलं, पण त्याच्या बाबतीत आता उशीर झाला होता.) मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलं. आणि तोवर, किंवा कदाचित कायमचंच, भिंगरीने दिवसभर आजोळी राहायचं. तिकडची आजी मऊ बोलणारी होती. शिवाय तिच्या घरात मशीनचा गोंगाट नव्हता.

हे ऐकून लाँड्रीवाली पहिल्यांदाच गप्प झाली. नवरा घाबरला आणि त्याने इस्त्री बाजूला ठेवली. भिंगरी नसलेली लाँड्री तिने मनात एकदा बघून घेतली: टेबलाखाली कोणी लपलेलं नाही, बटणांचा डबा कोणी उलटा केलेला नाही. मग तिने पदर खोचला.

"न्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "पण मीही येणार. पोरगी ठणठणीत आहे हे त्या बाईंच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय परत फिरायची नाही."

"जरा शांतपणे बोलशील ना तिथे?" नवऱ्याने भीतभीत विचारलं.

"मी कधी अशांत बोलते?" तिने विचारलं. पलीकडच्या दुकानातून कोणीतरी वाकून बघितलं.

खरं सांगायचं तर तिला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. पोर हट्टाला पेटली की लक्ष द्यायचं नाही, ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, हे शहाणपण सुनेनेच तिला दिलं होतं. तिने ते अक्षरशः पाळलं. आता कानाशी भोंगा वाजत असताना लक्ष द्यायचं नाही, ते कसं? यावर तिने आपल्या डोक्याने उपाय काढला होता. भिंगरीने भोकाड पसरलं की ती मोठ्या मशीनचं बटण दाबायची. घुर्रर्र सुरू झालं की रडणं ऐकूच यायचं नाही. काचेच्या गोल दारामागे कपडे गरागरा फिरायचे, फेस चढायचा, आणि बघावं तर पोरगी चिडीचूप. इतका रामबाण उपाय, आणि ही म्हणते आजार.

मशीनमध्ये घालायला दर वेळी मळके कपडे असायचेच असं नाही. मग हाताला लागेल ते, धुतलेलंही, ती पुन्हा आत टाकायची. असा एक शर्ट न्हाव्याचा. तो न्यायला आला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"वहिनी, मी चौकडीचा दिला होता."

"हा तोच आहे."

"चौकडी कुठे गेली?"

"उजेडात धरून बघा, दिसेल," ती म्हणाली. न्हाव्याने उजेडात धरला. त्याला शर्टातून रस्ता दिसला.

ठरल्या दिवशी चौघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसल्या होत्या. हे बघून लाँड्रीवालीला त्या आपल्याच वाटल्या. भिंगरीने ठोकळ्यांचा मनोरा केला, एक ठोकळा डॉक्टरांना दिला, आवरायला सांगितल्यावर जरा कुरकुरली आणि आवरलं. सून रडकुंडीला आली. लाँड्रीत ही अशी नसते हो, असं ती दोनदा म्हणाली.

डॉक्टरांनी बरंच विचारलं. झोप कशी, बोलणं कसं, इतर मुलांत खेळते का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करते का, एकदा सुरू झालं की आवरतच नाही असं होतं का. प्रश्न सुनेला, उत्तरं सासूची. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की या वयात अंग टाकून देणं, किंचाळणं हे चालायचंच. घरीदारी, सगळ्यांजवळ, सतत तसंच होत असेल, मूल बोलण्यात-खेळण्यात मागे पडत असेल, तर तपासावं लागतं. भिंगरीत तसं काही दिसत नाही. पण काळजी वाटली तर विचारायलाच हवं, तुम्ही आणलंत ते बरं केलंत.

सुनेने डोळे पुसले. लाँड्रीवालीने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. निवडून आलेला माणूस बघतो तसं.

"पण आजोळी होत नाही, बसमध्ये नाही, घरी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मग लाँड्रीतच का? ती सुरू झाली की तुम्ही करता काय?"

लाँड्रीवाली याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने उठून सगळं करून दाखवलं. पाठ कशी फिरवायची, बटण कसं दाबायचं, घुर्रर्र आवाजासकट. भिंगरी टाळ्या पिटायला लागली. डॉक्टर तिच्याकडे वळल्या.

"तुला ते मशीन आवडतं?"

"गोल गोल फिरतं. फेस येतो."

"मग लावा म्हणून नुसतं सांगायचं ना?"

"सांगितलं. कपडे नाहीत म्हणते."

"मग?"

"मग मी रडते. मग मशीन लागतं."

मुलगा छताकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाल्या की काही अवघड नाही: रडण्यावर मशीन लावायचं नाही, नीट मागितलं तर धुण्याच्या वेळी बटण तिलाच दाबू द्यायचं. सुनेने मान डोलावली आणि आपणहून म्हणाली की मग आजोळी कशाला, राहू दे भिंगरी लाँड्रीतच.

लाँड्रीवालीने इथे उठायला हवं होतं. जे मिळवायला आली होती ते पदरात पडलं होतं. मुलाने तिची पिशवीही उचलली. पण ती जागची हलली नाही.

"म्हणजे पोरगी चांगली. मग तिला ही खोड लावली कोणी? मला नाव हवंय," ती म्हणाली. बाहेर बसलेलं कोणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. "नाव ऐकल्याशिवाय मी उठायची नाही."

डॉक्टरांनी सुनेकडे बघितलं. सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवरा पिशवीत बघत होता. नाइलाजाने डॉक्टर भिंगरीजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तूच सांग बाळा. तू रडलीस की मशीन कोण लावतं?"

लाँड्रीवालीही कान देऊन पुढे झुकली.

भिंगरीने आधी बापाकडे बघितलं, आणि मग घरी रोज ऐकत आलेलं नाव खणखणीत आवाजात, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"तोफ."