घरबसल्या प्रात्यक्षिक

नवरा जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता आणि बायको लॅपटॉपमध्ये डोकावून त्याच्या अंगावर उजेड नीट पडतोय का ते बघत होती.

"जरा वर सरका. पाय कापले जातायत."

"पाय कापून नर्सिंगची डिग्री मिळते, हे माहीत नव्हतं मला."

"काय विनोद करायचेत ते आत्ता करून घ्या. एकदा बाई आल्या की तोंड उघडायचं नाही."

बाई म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षक. त्या पडद्यावर अवतरणार होत्या आणि त्यांच्यासमोर एका निरोगी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तपासून दाखवायचं होतं. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. यात बोंब झाली की ड्युटी सांभाळून, झोप मोडून केलेला सगळा अभ्यास पाण्यात, आणि त्याच्यामागोमाग इन्चार्जची खुर्चीही.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डात पेशंट म्हणत, जिन्यात शेजारी म्हणत, आणि भांडण झालं की नवराही म्हणे. तिचं अर्धं आयुष्य त्या वॉर्डात गेलं होतं, पण हॉस्पिटलने नियम काढला की यापुढे इन्चार्ज पदव्युत्तर पदवीवालीच होणार. जिला सिस्टरने हात धरून सलाईन लावायला शिकवलं, ती पोरगी पदवी घेऊन आली होती. उद्या तिलाच विचारून रजा घ्यायची वेळ आली असती, आणि ते सिस्टरच्या घशाखाली उतरत नव्हतं.

कॉलेजात जायचं तर नोकरी सोडावी लागली असती. ऑनलाइन कोर्स शोधले तर ढिगाने निघाले. एकाच्या परीक्षा परगावी, दुसऱ्याची लेक्चरं नेमकी तिच्या ड्युटीच्या वेळेला. तिसऱ्याच्या जाहिरातीत एक नर्स मांडीवर लॅपटॉप घेऊन हसत बसली होती. ड्युटीवरून आलेली नर्स आणि हसत बसलेली! तिथेच शंका यायला हवी होती. पण खाली लिहिलं होतं, 'सगळं घरबसल्या, प्रात्यक्षिकसुद्धा.' सिस्टर त्या 'सुद्धा'ला भुलली.

पहिल्या प्रयत्नाला सासूबाई आडव्या आल्या. त्या चष्मा शोधत खोलीत शिरल्या, टेबलावर उघडाबंब मुलगा आणि त्याच्या उरावर वाकलेली सून पाहिली आणि किंचाळल्या. नियम असा की तिसरं माणूस कॅमेऱ्यात आलं की परीक्षा रद्द. दुसऱ्या वेळी नवऱ्याने घात केला. पोटाला हात लागला की त्याला गुदगुल्या होत. तो इतका हसला की टेबलावरून खालीच आला. परीक्षकांनी शेरा मारला, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

तेव्हापासून रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. नवरा मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक होता. शिकाऊ माणसाच्या हाती जीव देऊन गप्प बसायची त्याला सवय होती. तो कामावरून येई, शर्ट काढी आणि टेबलावर चढे.

परीक्षेची गंमत अशी, की तपासता तपासता सगळं मोठ्याने बोलायचं आणि वेळ मात्र तुटपुंजा. त्यामुळे सगळेच उमेदवार निरोगी माणसाचं वर्णन घोकून ठेवत. सिस्टरही घोकायची. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या की स्वतःचाच आवाज घुमतो आणि पाठांतर अडखळतं, म्हणून सरावाला तिने त्या गळ्यातच ठेवल्या. टेबल गार लागतं म्हणून नवऱ्याने मोजे काढले नाहीत. रोज संध्याकाळी ती गाडी सुटल्यासारखी म्हणायची, "छातीचे ठोके नियमित. श्वास मोकळा. पायांवर सूज नाही." नवरा डोळे मिटून ऐकायचा. त्याला ते ऐकत पडायला आवडू लागलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिने कुठे फट ठेवली नाही. सासूबाईंना धाकट्या दिराकडे धाडलं. बेलची वायर काढली. दाराला आतून कडी घातली. नवऱ्याला बजावलं, "पोटाशी आले की वाहतुकीचे नियम आठवायचे."

बाई पडद्यावर आल्या. सकाळपासून हेच ऐकून त्यांचा चेहरा आंबला होता. सिस्टरने डोळे तपासले, मान तपासली, छातीशी आली आणि गाडी सोडली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पाठांतर छान आहे. सकाळपासून सगळ्यांचंच छान आहे. आता नळ्या कानात घाला, पूर्ण मिनिटभर काही न बोलता ऐका, आणि मग सांगा."

सिस्टरने नळ्या कानात घातल्या.

आत ठोके धावत होते, अडखळत होते, मध्येच एखादा गिळून पुन्हा धावत होते. असले ठोके तिने वॉर्डात शेकडो वेळा ऐकले होते. ते कुणाच्या छातीत असतात आणि त्या माणसांना कुठल्या खाटेवर हलवावं लागतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"हं, सांगा."

"ठोके नियमित," तिचं तोंड म्हणालं. इतक्या दिवसांची सवय, ते तिला विचारायला थांबलंच नाही.

"पुढे."

"नाही. मॅडम, नियमित नाहीत. ह्यांचे ठोके बिघडलेत."

बाईंनी चष्मा काढला. "सिस्टर, तुम्ही घाबरलात. नियम माहीत आहे ना? रुग्ण निरोगीच हवा. तो आजारी आहे असं तुम्हीच म्हणालात तर हा प्रयत्न बाद धरावा लागेल मला. पुन्हा एकदा ऐका."

तिने पुन्हा ऐकलं नाही. तिने नवऱ्याचे मोजे ओढून काढले. रबराच्या खाली घोटा टम्म फुगला होता. तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथे खळगा राहिला. त्या खळग्याकडे बघून तिला रडू फुटलं.

"जिना चढताना दम लागतो?"

नवऱ्याने आधी पडद्याकडे पाहिलं. "बोललं तर चालेल का?"

"बोला हो!" बाई ओरडल्या.

"लागतो थोडा. पण ते राहू दे. तू 'नियमित' म्हणून टाक ना. शेवटचा चान्स आहे. एवढं पोट राहिलंय, तेवढं तपास, मग जाऊ डॉक्टरकडे. हे बघ, आज हसत पण नाहीये मी."

खरंच हसत नव्हता. त्याला हसण्याइतका श्वास पुरत नव्हता.

"उमेदवाराने कॅमेऱ्याबाहेर जाऊ नये," बाई आता नियमापुरतं म्हणाल्या, आणि सिस्टर कॅमेऱ्याबाहेर गेली.

तिने आपल्याच हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून तीच शिकवलेली पोरगी बोलली. "सिस्टर, आज तुमची परीक्षा ना?" "परीक्षा गेली खड्ड्यात, अँब्युलन्स पाठव." इकडे नवरा टेबलावरून उतरून शर्ट शोधायला निघाला, कारण उघड्या अंगाने जिना उतरणं त्याला शोभत नव्हतं. तेवढ्यात लॅपटॉप ओरडू लागला.

"अहो, उभे राहू नका! खाली बसा! सिस्टर, त्यांना चालवू नका, उशा द्या पाठीला! सिस्टर!"

पडद्यावर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्याही कधीकाळी वॉर्डातच होत्या. नवरा परक्याच्या घरात पकडलेल्या चोरासारखा गुपचूप खाली बसला. अँब्युलन्सची माणसं आली तेव्हा बेल वाजेना आणि आतून कडी. त्यांनी दार बडवलं, शेजारी जमले, आणि शेवटी नवऱ्याला खुर्चीत बसवून सगळ्यांच्या देखत उघड्या अंगानेच खाली नेलं. शर्ट सापडलाच नाही. उंचीसाठी सिस्टरने लॅपटॉप त्या शर्टाच्याच घडीवर ठेवला होता.

तो वाचला. अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या, ठोक्यांच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मीठ बंद. सूज उतरली, खाटेवर उठून बसू लागला. त्या दिवशी सिस्टर त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "इतके दिवस दम लागत होता, घरात नर्स आहे, एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलणार होतो," तो म्हणाला. "दोनतीनदा अगदी ओठांवर आलं होतं. पण तू रोज छातीला लावून सांगायचीस ना, ठोके नियमित. म्हटलं, हिला कळणार नाही का? माझंच काहीतरी अपचन असेल."

टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मनापासून बोलत होता. तिला त्याच्याकडे बघवेना. ती उठून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं सलाईन बघायला गेली, जे व्यवस्थित चाललं होतं.

विद्यापीठाने आधी तिचा प्रयत्न बाद केला. मग परीक्षक बाईंनी वरच्या लोकांशी काय भांडण केलं कोण जाणे, आणखी एक संधी मिळाली. अट तीच, माणूस निरोगी हवा.

तो मिळेना. पूर्वी जिन्यात बाही वर करून "सिस्टर, जरा बीपी बघा" म्हणणारे शेजारी तिची चाहूल लागली की दार लोटून घेऊ लागले. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही ऐकलंत तर सापडेल काहीतरी. माझी लेकरं लहान आहेत." मोलकरणीने तर कामच सोडलं. वॉर्डातल्या पोरीही नजर चुकवू लागल्या. निरोगी म्हणवून घ्यायला सगळे तयार होते, तपासून घ्यायला कुणी नाही.

शेवटी सासूबाईच पुढे झाल्या. त्यांनी जन्मात गोळी घेतली नव्हती. "माझं बघ. निघालं तर निघालं. या वयात काय, निघायचंच." आणि चष्मा काढून टेबलावर चढल्या.

बाई पडद्यावर आल्या. सिस्टरने डोळे तपासले, मान तपासली, नळ्या कानात घातल्या आणि वाकली. मिनिट गेलं. दुसरं गेलं. दाराबाहेर नवरा स्टुलावर बसून होता.

"सिस्टर, निष्कर्ष सांगा," बाई म्हणाल्या.

"नियमित वाटतात," सिस्टर म्हणाली. "पण थांबा, परत ऐकते."

"वेळ जातोय, सिस्टर. गुण कापले जातील."

"कापा."

ती परत ऐकू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी सासूबाईंच्या पोटावर ठिपकत होतं. सासूबाईंना बोलायची बंदी होती, ती त्यांनी बराच वेळ पाळली. मग त्यांच्याने राहवेना.

"अगं, नीट आहे की नाही ते सांग तरी. माझा जीव जायचा इथे."

वेळेचे सगळे गुण गेले. उरलेल्यांत ती काठावर पास झाली.