पणजोबांची दुर्बीण

"अगं, माझी दुर्बीण कुठंय?"

त्रिंबकनं कपाट पालथं घातलं, माळा उपसला. पाटोद्यात त्याच्या घरी आज लेकीची, शिवकन्येची सोयरीक पक्की व्हायची होती. मुलाचे वडील सुग्रीवराव त्यांच्या युसूफ वडगाव या गावाहून निघालेसुद्धा. त्यांना जुन्या वस्तूंचा भारी नाद, आणि त्रिंबकनं एका लग्नात छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या पणजोबाला गोऱ्या साहेबानं दिलेली हाय. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, अस्सल पितळी!"

"ती नळी व्हय? ही काय." चुलीपुढं बसलेल्या त्याच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, नळीचं बारीक तोंड विस्तवाकडं धरून जोरात फुंक मारली.

त्रिंबक मटकन खाली बसला. "अगं, ती फुंकणी न्हाई! काचा कुठंयत?"

"फुंक जाईना म्हणून काढल्या. मोठीनं डाळ निवडते, बारकी सुईत दोरा ओवायला. लई कामाच्या हायत. तुमच्या कपाटात काय करत हुत्या?"

डोकं भिंतीवर आपटावं की चुलीत घालावं, त्रिंबकला कळेना. त्यानं चिंच लावून नळी घासली, काचा कणकेनं दोन्ही टोकांना चिकटवल्या, तोवर पाहुण्यांची जीप दारात.

सुग्रीवरावांनी चहासुद्धा बाजूला सारला. दुर्बीण डोळ्याला लावून ते बराच वेळ वेशीकडं बघत राहिले. "वा! काय वस्तू हाय!" म्हणत त्यांनी ती खाली केली. त्यांच्या डोळ्याभोवती काजळीचं गोल कडं! नळी बाहेरून घासली, आतून कोण घासणार?

"मला बी बघू द्या की," सुग्रीवरावांची बायको विमलबाई म्हणाली.

"नको! म्हंजे... लई जड हाय, विहीणबाई!"

तिनं ती ओढून घेतलीच. कणीक सुटली, काच गादीवर पडली, मागोमाग राख. विमलबाईनं नवऱ्याचा डोळा बघितला, नळी हुंगली.

"अवो, ही तर फुंकणी!"

सुग्रीवराव ताडकन उठले. "आमाला येड्यात काढता व्हय? चल गं, न्हाई करायची सोयरीक!"

"बसा खाली!" विमलबाई कडाडली. "लग्न झाल्यापासनं तुमचं पितळ घासतीय मी. पण कशाला हात लावायची सोय न्हाई! ह्या बाईनं बघा कसं कामाला लावलं. मला ह्याच घरची सून पायजे." मग ती चंद्रभागाबाईकडं वळली, "काचा कशा काढल्या, तेवढं सांगा."

सोयरीक पक्की झाली. आठवड्यानं सुग्रीवरावांचा फोन आला, आवाज रडवेला. "त्रिंबकराव, हिनं माझ्या होकायंत्राचा काटा काढून फेकला हो! त्यात कुंकू ठिवलंय!"

"काय बोलावं, व्याही!" त्रिंबक कळवळून म्हणाला. "जरा थांबा हं, चूल विझाया लागली."

आणि फोन बाजूला ठेवून त्यानं दुर्बीण उचलली.