तिसरा दगड

"शुक्रवारी सूरला चला, पणजोबाच दाखवतो!" बाबामियाँनी भर दावतीत जाहीर करून टाकलं.

याला कारण मेव्हण्याची भिंत. ओमानमधल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत तौहीदच्या हॉलमध्ये सतरा पिढ्यांची वंशावळ सोनेरी फ्रेमीत टांगलेली होती. बाबामियाँ बायकोला, सफियाला, घेऊन दार्सैतहून जेवायला गेले की बिर्याणीच्या आधी सतरा पूर्वज वाढले जात. बाबामियाँकडे पूर्वज एकच, पण तो नाखवा! रत्नागिरीहून स्वतःचं गलबत हाकत सूर बंदरात गेलेला आणि तिथेच वारलेला. पुरावा म्हणजे आजोबांची वही. तीत लिहिलं होतं, 'बाबांची कबर सूरला, जुन्या विहिरीपासून समुद्राकडे चाळीस पावलं.' नाखवा हा शब्द वहीत कुठेच नव्हता. तो बाबामियाँनी मोठ्या मनाने स्वतःच्या पदरचा घातला होता.

शुक्रवारी तौहीदच्या गाडीतून तिघे निघाले. बाबामियाँना गाडी लागते. रस्ता सरळसोट, गाडी नवीकोरी, तरी सूर येईपर्यंत नाखव्याच्या वंशजाला दोनदा उतरून रस्त्याकडेला वाकावं लागलं. सफियाने दोन्ही वेळा लिंबू पुढे केलं.

जुन्या कब्रस्तानात एकाही कबरीवर नाव नव्हतं, नुसते उभे दगड. विहीर मात्र सापडली. सहा फुटी तौहीद चाळीस पावलं टाकून थेट कुंपणाला जाऊन धडकला. पण आजोबा बाबामियाँइतकेच बुटके होते, तेव्हा पावलं बाबामियाँनीच टाकली. ती एका कबरीपाशी बरोब्बर संपली. आजूबाजूच्या कबरींना दोन-दोन दगड, हिला तीन!

"हा मधला दगड हुद्द्याचा," बाबामियाँ म्हणाले. "नाखव्याला एक जास्त."

तौहीदचा चेहरा पडला. त्याच्या सतरा जणांत एकालाही जादा दगड नव्हता. बाबामियाँनी फातिहा वाचला आणि काय झालं कोण जाणे, त्यांना खरोखरच भरून आलं. आले होते फ्रेमीची जिरवायला, आणि आता डोळ्यांचं पाणी खळेना. रडतारडताच त्यांनी फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. चौऱ्याऐंशी नातेवाईक गहिवरले. चिपळूणच्या चुलत्यांनी तर दगडांवरून पणजोबांचा बांधाही ओळखला.

इतक्यात मागे एक म्हातारा ओमानी येऊन अदबीने उभा राहिला. रडणं ओसरल्यावर त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम मेरा नानी को पहचानता था?"

मग त्यानेच समजावून सांगितलं. इथे पुरुषाला दोन दगड, बाईला तीन. बाबामियाँनी दगड पुन्हा मोजले. फार आशेने मोजले, पण तीनच भरले. नानीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि तिच्यासाठी इतकं कोणी रडलेलं म्हाताऱ्याने पाहिलं नव्हतं. तो अगदी हेलावून गेला होता.

"हम एक रत्नागिरीवाले को ढूंढता है, जहाज का आदमी," बाबामियाँ पुटपुटले.

म्हातारा विचारात पडला आणि मग त्याची कळी खुलली. नानी एका बुटक्या हिंदी माणसाची गोष्ट सांगायची. गलबतावर तांदूळ शिजवायला आला होता. वाटभर इतका ओकला, इतका ओकला, की खलाशांनी वैतागून त्याला सूरला उतरवून दिलं. त्याने पुन्हा मरेपर्यंत होडीत पाय ठेवला नाही. त्याची कबर? ही काय, शेजारची. बाबामियाँ इतका वेळ तिच्याकडेच पाठ करून रडत होते.

तौहीद हसेल म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले. तौहीद हसला नाही.

"दुल्हेभाई," तो म्हणाला, "माझ्या सतरा जणांना कागद लागतो. तुमचं रक्तच साक्ष देतं."

बाबामियाँनी वळून दुसरा फातिहा वाचला. ग्रुपवर मात्र त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

परतीच्या वाटेवर अर्ध्या तासाने तौहीदने कोणी न सांगताच, अदबीने गाडी बाजूला घेतली. बाबामियाँ उतरले आणि घराण्याचा वारसा चालवून परत आले.