ठकूमावशींचा कळप

"चितरे! ए चितरे! बस की गं गप! आन् बांडे, तुला काय झालं आता?"

आम्ही या कॉलनीत राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी ही हाक कानावर आली आणि मी काठी घेऊन बाहेर पळालो. बायकोनं त्याच दिवशी कुंपणाला मोगरा लावला होता, आणि आमच्या धाराशिवच्या शेळीला मोगरा काय अन् बाभळीचा काटा काय, सगळं सारखंच. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. शेळी सोडा, एक लेंडी दिसली नाही. शेजारच्या उंबऱ्यावर एक म्हातारी तेवढी पाय पसरून, डोळे मिटून बसलेली.

"कुणाच्या शेळ्या सोडल्यात हो?" मी खेकसलो. मी वायरमन, जन्म विजेच्या खांबावर गेला. वरून खालच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळं माझा साधा आवाजसुद्धा भांडणाचा वाटतो.

म्हातारीनं डोळे उघडले, डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही काय चितरी. आज लई वरडायली."

मी काठी घेऊन माघारी आलो. बायकोला म्हणालो, "शेजार येडा हाय." ती म्हणाली, "मग तुमचं जमंल."

या ठकूमावशी. येडशीच्या अलीकडं एका वस्तीवरच्या. रामलिंगाच्या डोंगराच्या कडंकडंनं त्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या. नवरा लवकर गेला, शेळ्यांच्या जिवावर पोरगा शिकवला. पोरगा बिरू ग्रामसेवक झाला, त्यानं इथं घर बांधलं. पुढं मावशींचे गुडघे गेले, शेळ्यांमागं जाणं सुटलं, तेव्हा शेळ्या विकून त्या लेकाकडं आल्या. शेळ्या गेल्या अन् दुखणी राहिली. मग मावशींनी दुखण्यांनाच शेळ्यांची नावं देऊन टाकली.

डावा गुडघा चितरी, उजवा बांडी. कंबर म्हणजे भोरी, ती गरीब, बसून असते. खांद्यात उंडगी. तिचा पाय एका जागी ठरत नाही. सकाळी खांद्यात, दुपारी मानेत, दिवेलागणीला पार करंगळीत. आणि टाचेत बोकड. "त्यो सकाळी उठल्या उठल्या शिंगं मारतोय, मग दिसभर गप," असा त्याचा स्वभाव.

एकदा बिरूनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठं दुखतंय?"

"भोरी गप हाय. बांडीचं बी काय म्हणणं न्हाय. उंडगी तेवढी कालपासनं मानंत चरायली."

डॉक्टरांनी बिरूकडं बघितलं. बिरूनं छताकडं बघितलं.

मावशींची सगळी अक्कल शेळीतनं आलेली, आणि त्यातला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'अर्धलीनं'. आपल्याला शेळी सांभाळणं होईना, तर ती विश्वासाच्या घरी अर्धलीनं द्यायची. सांभाळायची त्यांनी, करडं निम्मी-निम्मी, पण शेळी मूळ मालकिणीचीच. तिनं कधीही जावं, नाव घेऊन हाक मारावी. लेक देताना करत नाहीत एवढी चौकशी त्यांच्या वस्तीवर शेळी अर्धलीनं देताना करतात म्हणे. कॉलनीत नवीन माणूस आला की मावशी त्याला खालवर बघत आणि निकाल देत, "देता येतंय ह्येला." नाहीतर, "ह्येच्या दारात शेरडू बांधायचं न्हाय." माझा निकाल त्या काठीच्या दिवशीच लागला होता. न्हाय.

आता या नावांचा रोजचा कार्यक्रम कसा झाला ते सांगतो. कॉलनीच्या समाजमंदिरात म्हाताऱ्या माणसांसाठी फिजिओथेरपीच्या एक मॅडम यायच्या. मॅडम कसल्या, पोरगीच ती! बायकोनं मला ओढत नेलं. कारण माझी कंबर. खांबावर पट्टा बांधून लोंबकळलेली कंबर ती, निवृत्तीनंतर तिनं सगळी थकबाकी एकदम मागितली. मी तिला रबरी पट्ट्यात आवळून टाकायचो, खाटेवर पडून राहायचो आणि दिवसभर शिव्या द्यायचो. माझा इलाज हाच.

मॅडम म्हणाल्या, "हाडं झिजलीत ती झिजलीत. पण दुखणं नुसतं हाडात नसतं. भीती, काळजी, एकटं पडणं, झोप नसणं, यांनी ते वाढतं. डोळे मिटा. श्वास सावकाश सोडा. आवडीची जागा डोळ्यांपुढं आणा. दुखण्याला ढकलू नका, त्याच्यापासून पळूही नका. जरा लांब बसून नुसतं बघा. वाटलं तर त्याला नाव द्या."

मी कंबरेला नाव दिलं. बायकोनं कोपर मारलं. चारचौघांत घ्यायचं नाव नव्हतं ते.

कुणाला समुद्र दिसला. धाराशिवात बसून समुद्र! मला डोळ्यांपुढं एक जळका ट्रान्सफॉर्मर दिसला आणि मग झोप लागली. मावशींना दिसला रामलिंगाचा डोंगर. नाव द्या म्हणल्यावर आपली नावं तयारच होती, तीच त्यांनी दिली. मॅडमना आधी कळेचना की ही आजी बोलतेय कुणाबद्दल. कळल्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालेल की आजी. पण बांधून ठेवू नका त्यांना. रोज थोडं हिंडवा. दुखलं म्हणून बसून राहायचं नाही, अन् बरं वाटलं म्हणून पळायचं नाही."

घरी येताना मावशी मला म्हणाल्या, "पोरगी लहान हाय, पर हिला शेरडू द्यायला हरकत न्हाय." चार बुकं शिकून पोरीला जे सर्टिफिकेट मिळालं नसेल ते उंबऱ्यावर मिळालं.

तेव्हापासून हा कार्यक्रम. सकाळी कळप गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत जायचा, तिथं टेकायचा आणि माघारी यायचा. संध्याकाळी मावशी उंबऱ्यावर बसून डोळे मिटायच्या आणि टाचेपासून मानेपर्यंत एकेकीची चौकशी करायच्या. श्वास असा सोडायच्या की कुंपणापलीकडं मला ऐकू यावा. "शेरडामागं पळायचं न्हाय, वायरमन," मला सांगायच्या. "आपुन पळालं की त्ये जास्तच पळतंय. दगडावर बसायचं, ध्यान ठिवायचं. त्येचं त्येच येतंय मग."

रोज यायचं असं मात्र नाही हां. थंडीच्या दिवसांत आख्खा कळप एकदम ओरडायचा. मग मावशी हातातला तांब्या आपटायच्या, सुनेवर डाफरायच्या, गोळी घ्यायच्या आणि पडून राहायच्या. मी कुंपणावरून चिडवायचो, "काय मावशी, आज राखणदार पळून गेला व्हय?" त्या म्हणायच्या, "रोज ऐकलं तर ती शेरडं कसली! तुमच्या कमरंवानी म्हैस झाली असती."

मला ही सगळी गंमत वाटायची. म्हातारपणी माणूस असा काहीतरी खेळ लावून घेतो, असं मी धरून चाललो होतो.

मग एका सकाळी चितरीनं मावशींना मोरीतच खाली पाडलं. सोलापूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या गुडघ्याची वाटी पार गेली, बदलावी लागंल. शुगर बरी आहे, हृदय बरं आहे, आत्ता केलं तर आजी चालतील. नाही केलं, तर पाय असाच आखडत जाईल आणि बाकीचं आयुष्य खाटेवर. बिरूनं आमच्या मॅडमनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, बाकीचा कळप तुम्ही राखाल. पण हे काम आता नुसत्या राखण्यानं होणार नाही. करून घ्या."

मावशी हो म्हणाल्या. रक्त दिलं, फोटो काढले, बिरूनं रजा घेतली. आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "म्या न्हाय येत."

बिरूनं समजावलं, सून रडली. मावशी ढिम्म. शेवटी बिरू माझ्याकडं आला. "काका, तुमीच बोला. आई भेली असंल. तुमी जरा दरडावून बोलता, ऐकंल तुमचं."

दरडावायचं म्हणल्यावर मी तयारच. गेलो.

"मावशी, काय पोरखेळ लावलाय? त्यो डॉक्टर काय तुम्हाला खाणार हाय का? भूल देत्यात, कळत बी न्हाय!"

"म्या न्हाय भीत."

"मग? उद्या खाटेवर पडाल! मोरीपत्तुर कुणी न्यायचं? त्या लिंबापत्तुर कोण जाईल?"

मावशी गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या.  मग म्हणाल्या, "वायरमन, शेरडं इकायच्या आधी म्या घरोघर हिंडले. अर्धलीनं घ्या म्हनलं. घेनार कोन? पोरं समदी पुण्याला, घरात म्हातारी माणसं. त्येंचेच गुडघे माझ्यावानी. कुनी घेतली न्हाईत. मग बाजारात नेली. येपाऱ्यानं टेम्पोत घातली. बाकीच्या गप गेल्या बिचाऱ्या. चितरी तेवढी वर तोंड काढून वरडत व्हती. माझ्या हाकंला वळनारं शेरडू त्ये. ल्हान व्हती तवा माझ्या अंथरुणात निजायची. माझ्याकडं बघत व्हती, की ही हाक मारंल."

"मग?"

"न्हाय मारली. मारली असती तर तिनं उडी टाकली असती." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तवापासनं ह्या गुडघ्यात हाय. आता हाक मारली की व्हय म्हनती. दुखतंय, दुखू द्या. एकदा हातानं दिली तिला. आता कापून काढून परत दिऊ व्हय?"

  माझं असं आहे, की मला वाईट वाटलं की राग येतो. मी एकदम ओरडलोच, "मग अर्धलीनं द्या की मला!"

"काय?"

"चितरी! अर्धलीनं द्या! माझ्या कमरंला काय नाव न्हाय. जे हाय ते घेण्यासारखं न्हाय. तुमची वाटी डॉक्टरला जाऊ द्या, चितरी माझ्या कमरंत बांधा. सांभाळ माझा, मालकी तुमची. कवाबी हाक मारा."

दारात उभ्या बिरूनं तोंडाला हात लावला. मावशींनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मला खालवर बघितलं, अगदी तसंच, त्या काठीच्या दिवशी बघितलं होतं तसं. मी या वयात, मुलगी बघायला आलेल्या माणसांपुढं बसावं तसा बसलो.

"तुमी शिव्या देता," त्या म्हणाल्या.

"न्हाय देणार."

"दिसभर खाटंवर पडून असता. शेरडू हिंडवायला लागतंय."

"हिंडवीन. लिंबापत्तुर."

"आन् त्यो पट्टा पयला सोडा. दावं एवढं आवळल्यावर जनावर वरडंल न्हाय तर काय करंल?"

मी तिथंच शर्ट वर करून पट्टा सोडला. बिरू तोंड फिरवून उभा राहिला. हसत होता की रडत, कुणास ठाऊक.

"करडं निम्मी-निम्मी," मी म्हणालो.

"तुमच्या कमरंला कसली करडं हुत्यात!" मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. मावशी सोलापुरात होत्या तेव्हा इकडं मी लिंबापर्यंत जायला लागलो. जीभ चावून चावून शिव्या आवरल्या. संध्याकाळी डोळे मिटून बसलो की आधी तो जळका ट्रान्सफॉर्मरच यायचा, पण त्याच्या शेजारी दगडावर बसून बघत राहायला जमू लागलं. कंबर बरी झाली म्हणत नाही. दुखतेच. पण तिला नुसती शिवी होती तेव्हा ती माझी वैरीण होती. आता कुणाचीतरी ठेव आहे म्हटल्यावर जरा जपून वागावं लागतं. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी तरी इतकं गोड कधी बोललात?

मावशी घरी आल्या. मॅडम येऊन पाय वाकवून घ्यायच्या, वॉकर धरून चालवायच्या. संध्याकाळी मावशी परत उंबऱ्यावर बसू लागल्या. बांडीला हाक, भोरीला हाक, उंडगीला दम, बोकडाला दटावणी. चितरीचं नाव मात्र नाही. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तिथं जराशा थांबायच्या आणि पुढं जायच्या. मी कुंपणाच्या अलीकडं बसून रोज वाट बघायचो. आपण होऊन कसं विचारावं? मालकिणीनं हाक मारायची असते.

मग परवा मारली. नेहमीसारखी ठणठणीत नाही, अगदी हळू, आपल्याला कुणी ऐकू नये अशी.

"चितरे... हायेस का गं?"

समोरच्या घरातली माणसं ओट्यावर चहा पीत होती. पलीकडं पोरं क्रिकेट खेळत होती. बायको मोगऱ्याला पाणी घालत होती. आणि मी, ज्याला आख्खं गाव तुसडा वायरमन म्हणून ओळखतं तो, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि कुंपणावरून मोठ्यानं ओरडलो, "बें!"

पोरांचा बॉल हातात राहिला. समोरच्यांचा चहा तसाच राहिला.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "आलीस व्हय गं माझे बाय? ये. बस आता."