मंगलाबाईंच्या कुरडया आणि माझी टू-स्ट्रोक

मोटरसायकल शिकावी तर टू-स्ट्रोकवर, असं माझं स्पष्ट मत होतं. मत माझं असलं तरी शिकायचं होतं बायकोला, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

झालं असं, की ललिताला बढती मिळाली. इतकी वर्षं ती अंगणवाडी सेविका होती, आता पर्यवेक्षिका. म्हणजे सिन्नरकडची आडबाजूची गावं फिरायची. तिथे एसटी सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी आठवण झाली तर परत येते. रस्त्यांवर इतके दगड, की स्कूटरची बारकी चाकं रडकुंडीला यावीत. म्हणून मोटरसायकल. शनिवारी लायसन्सची टेस्ट, सोमवारी कामावर हजर.

"शनिवारी नापास झाले, तर बढती नको म्हणून कळवून टाकीन," असं म्हणून ललिता पोळ्या लाटायला लागली. ती हे अगदी शांतपणे बोलली. या बढतीची तिने किती वाट पाहिली ते मला माहीत होतं.

तिचा भाऊ हर्षल समोरच बसला होता. तो म्हणाला, "ताई, माझी जुनी फोर-स्ट्रोक तुलाच द्यायची आहे. मीच शिकवतो तिच्यावर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. (हे वाक्य माझ्या आयुष्यात बऱ्याच ठिकाणी बसतं.) पण मी म्हणालो, "फोर-स्ट्रोकवर काय, कोणीही शिकतं. माझ्या टू-स्ट्रोकवर मी शिकवतो. तिच्यावर हात बसला की विमान चालवशील."

"दाजी, ती अजून चालू होते?" हर्षलने विचारलं.

आता हा काय प्रश्न झाला? माझी टू-स्ट्रोक कॉलेजपासून माझ्याजवळ आहे. तिच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं, ते मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने स्वतः मोजतो. ती चालू झाली की थोडा धूर होतो, कबूल. डास मारायची गाडी आली असं समजून सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात, तेही कबूल. पण होते चालू.

रविवारी मी ललिताला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका लेआउटमध्ये घेऊन गेलो. नाशकात असे लेआउट पुष्कळ. रस्ते तयार, विजेचे खांब तयार, स्वागताची कमान तयार, फक्त राहायला कोणी आलेलं नसतं. शिकाऊ लोकांसाठी झकास जागा.

"क्लच दाब. गिअर टाक. आता क्लच अलगद सोड," मी म्हणालो.

तिने अलगद सोडला. गाडी बंद.

"गॅस दे ना थोडा."

तिने थोडा दिला. गाडी बंद.

"अगं, दे की जरा मोकळ्या हाताने. भाजीत मीठ घालतेयस का?"

टू-स्ट्रोकचं असं असतं, की हळू चालवताना तिच्यात जीवच नसतो आणि मग सगळा जीव एकदम येतो. ललिताने मोकळ्या हाताने गॅस दिला आणि गाडी टुणकन उडून कमानीकडे निघाली. मी मागून धावतोय, "गॅस सोड, गॅस सोड." तिने सोडला. फोर-स्ट्रोकचा गॅस सोडला की गाडी आपोआप आखडते. टू-स्ट्रोकला ती सवय नाही, ती तशीच घरंगळत राहते. ललिता घरंगळत घाणेरीच्या झुडपात शिरली.

"गॅस सोडून ही थांबत का नाही?" झुडपातून आवाज आला.

"ब्रेक दाबायचा असतो."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला अंदाज असेल."

ती ओढणीतले काटे काढत रिक्षाने घरी गेली. त्यानंतर दोन दिवस ती गाडीचं नाव काढेना. शनिवार जवळ येत चालला आणि मला काही सुचेना. ऑफिसात फाईल उघडली की मला तिने न घेतलेली बढती दिसायची. मी पंख्याखाली उभा राहायचो, पाणी प्यायचो, पुन्हा उभा राहायचो. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. आपल्यामुळे बायकोची बढती जाणार, हे साहेबांना काय सांगणार?

बुधवारी सकाळी मी तिला हाताला धरून खाली पार्किंगमध्ये आणलं. म्हटलं, तू बसू नकोस, फक्त बघ. क्लच कसा सोडतात एवढंच बघ.

आता इथे मंगलाबाई येतात. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू होतं म्हणून त्यांनी पार्किंगच्या उन्हाच्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरून कुरडया घातल्या होत्या. लेकीच्या, रोशनीच्या, सासरी पाठवायच्या होत्या. गहू भिजवा, वाटा, चीक शिजवा, सोऱ्यातून पाडा. हा सगळा खटाटोप बाईंनी एकटीने केला होता. कुरडया माझ्या पाठीमागे होत्या आणि मी गेटकडे तोंड करून होतो. म्हणजे धोका काहीच नव्हता.

किक मारली. गाडी खोकून बंद. पुन्हा मारली. या वेळी किकने उलटा झटका दिला, माझ्या नडगीवर बसला, आणि गाडी चालू झाली.

"बघ," मी कळ दाबत म्हणालो, "क्लच, पहिला गिअर, आणि अलगद..."

गाडी मागे गेली.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुढे कोणीच माझं ऐकून घेतलेलं नाही. टू-स्ट्रोक इंजिनला उलटसुलट दोन्ही सारखंच. जुन्या गाडीला किक मारताना झटका बसला तर ते कधी कधी उलटं फिरायला लागतं, आणि आवाज जवळपास तोच येतो. मग पहिला गिअर टाकला की गाडी मागे पळते. कॉलेजात असताना मी हे ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं.

गाडी मागे जातेय म्हटल्यावर माणूस काय करेल? पुढे न्यायला गॅस देईल. मी दिला. मोकळ्या हाताने दिला.

निम्म्या कुरडया गेल्या.

मंगलाबाई किंचाळल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, माझ्या रोशनीने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"मंगलाबाई, मी नाही हो, गाडी आपणहून मागे गेली."

तोवर सोसायटीचे चेअरमन निवृत्तीअण्णा आले. त्यांचा जन्म इगतपुरीला रेल्वेत गेला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "गोरक्ष, रिव्हर्स रेल्वेच्या इंजिनाला असतो. मोटरसायकलला नसतो. पायाने ढकलली असशील."

"कुरडयांवर गाडी मी पायाने कशाला ढकलू?"

"ते तू सांगायचं."

खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. ललिता हाताची घडी घालून जिन्यापाशी उभी होती. "अहो, वर चला," ती म्हणाली. पण माझ्या खरेपणाचा प्रश्न होता. मी म्हणालो, "अण्णा, आत्ता सिद्ध करून दाखवतो. सगळ्यांसमोर."

मंगलाबाईंनी घाईघाईने उरलेल्या कुरडयांचा कागद ओढून गाडीच्या समोर, गेटच्या बाजूला नेला. मागची बाजू पूर्ण मोकळी झाली. मी मनात म्हटलं, शहाणी बाई आहे.

मग मी किका मारत सुटलो. गाडी सरळ चालू व्हायची, मी ती बंद करून पुन्हा मारायचो. घामाने शर्ट अंगाला चिकटला. धुराने वरच्या खिडक्या लागत गेल्या. शेवटी एकदाचा नडगीवर तो सणसणीत झटका बसला आणि गाडी चालू झाली. त्याच जागी, तस्साच.

"आता बघा," मी मोठ्याने म्हणालो. "आता ही मागे जाणार. अण्णा, बाजूला व्हा."

अण्णा माझ्या मागून बाजूला झाले. मी मान वळवून मागे नीट पाहिलं (सुरक्षितता म्हणून), मागेच बघत क्लच सोडला आणि गॅस दिला.

गाडी पुढे गेली.

उरलेल्या कुरडयांवरून जाऊन मी गेटला टेकलो तेव्हासुद्धा मी मागेच बघत होतो. मागे अण्णा उभे होते.

"सरळ चालते की," अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी दोन निर्णय झाले. सोसायटीचा असा, की गोरक्ष यांनी आपली गाडी गेटपर्यंत हाताने ढकलत न्यावी. ललिताचा असा, की नवे गहू मी आणायचे आणि चीक तयार झाला की कुरडयाही मीच पाडायच्या. शिकवणं हर्षलकडे गेलं.

गुरुवारी ती हर्षलबरोबर त्याच लेआउटला गेली आणि हसत परत आली. "अहो, त्या गाडीचा क्लच हळू सोडला की गॅस न देताही ती चालायला लागते. आणि गॅस सोडला की स्वतःच जरा थबकते. घाबरावंच लागत नाही."

"मग त्यात शिकण्यासारखं काय राहिलं?" मी म्हणालो.

"गाडी चालवणं," ती म्हणाली. मग पाण्याचा पेला ठेवत म्हणाली, "तुमची गाडी तुमच्यासारखीच आहे. आधी काहीच नाही आणि मग एकदम अंगावर."

शनिवारी सकाळी ती दोघं टेस्टला गेली. मी पार्किंगमध्ये मंगलाबाईंच्या देखरेखीखाली सोऱ्या फिरवत होतो. हात भरून आले होते, पण चित्त सगळं गेटकडे. पास होऊ दे, एवढंच मनात चाललं होतं. माझ्या कुरडया वाकड्यातिकड्या पडत होत्या आणि मंगलाबाई दर वेळी "हं" म्हणत होत्या.

दुपारी गेटातून फोर-स्ट्रोक आत आली. पुढे ललिता, मागे हर्षल. तिने कागदाला लांबून वळसा घालून गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "पास."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. चिकाचे हात असल्याने पुसताही येईनात.

"अहो, तिथल्या साहेबांनी विचारलं, तुम्हाला गाडी कोणी शिकवली," ती म्हणाली. "मी तुमचं नाव सांगितलं."

मी सोऱ्या खाली ठेवला. मंगलाबाईंकडे पाहिलं. गॅलरीत निवृत्तीअण्णा उभे होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "पाहिलंत? शेवटी पाया टू-स्ट्रोकवरच पक्का होतो. मग? नाव ऐकून साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांनी टेस्टच्या आधी विचारलं होतं," ललिता म्हणाली. "म्हटलं, नापास झालेच, तर कारण आधीच सांगितलेलं बरं."