बंपरची शिकार

मनुष्यजातीने शिकारीची साधने क्रमाक्रमाने सुधारत नेली. आधी दगड, मग भाला, मग बाण, मग बंदूक आणि सरतेशेवटी पिकअप ट्रक. या शेवटच्या साधनासाठी नेम धरावा लागत नाही, की भर थंडीत झाडावर चढून बसावे लागत नाही. हरीण स्वतः वेळ काढून येते.

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात मात्र अजून बंदुकीलाच मान आहे. शिकारीचा हंगाम संपला की चर्चच्या तळघरात हरणाचे जेवण होते. सर्वांचे मांस एकाच मोठ्या पातेल्यात राजम्याबरोबर शिजते. नियम साधा आहे: ज्याने स्वतः शिकार करून मांस आणले, तो पुढच्या टेबलावर बसतो; बाकीचे ॲप्रन बांधून भांडी घासतात.

मी, ऑर्व्हल टीटर, गावातला सर्वांत अनुभवी भांडी घासणारा. माझ्याकडे बंदुका आहेत (एक दुर्बिणीची), नारिंगी जाकीट आहे, नराला भुलवणाऱ्या हरिणीच्या मुताची बाटलीसुद्धा आहे (ती एकदा ट्रकमध्ये सांडली, तेव्हापासून लिफ्ट कोणी मागत नाही). हरणांनी या साऱ्या सामग्रीचा आदर राखून माझ्यापासून अंतर ठेवले आहे. एकदा एक शिंगाळा नर माझ्याच झाडाखाली येऊन झोपला होता. हे मला नंतर पुढच्या टेबलावरच्या डेनव्हर हिंकलने सांगितले, कारण मीही झोपलो होतो.

यंदा मात्र गिरणीजवळच्या वळणावर एक हरिणी माझ्या ट्रकच्या उजव्या दिव्याला येऊन भेटली. शेजारी बायको होती, लोरेटा. ती खाली उतरली, हरिणीच्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाली, "गरम आहे. उचल."

(गाडीने मेलेले हरीण घरी नेणे आमच्याकडे कायदेशीर आहे, फक्त फोन करून कळवावे लागते. मी कळवले. पलीकडच्या माणसाने माझे नाव विचारण्याआधी "गिरणीचं वळण का?" असे विचारले.)

घरी गॅरेजच्या आढ्याला हरिणी मागच्या पायांनी टांगली. गोळी एक भोक पाडून थांबते. ट्रकचा स्वभाव तसा नाही. उजवा खांदा रक्त साकळून काळानिळा झाला होता, तो बराचसा कापून टाकावा लागला. आतडे फुटले नव्हते, हे नशीब. लोरेटाने ओला मोजा उतरवावा तसे कातडे ओढून काढले, पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्या अखंड सोडवल्या आणि चिकटलेला केस न् केस वेचला. माझ्याकडे मार्गदर्शन होते, म्हणजे टॉर्च.

"जेवणात काय सांगणार आहेस?" तिने सुरी पुसत विचारले.

"एका दणक्यात पडली म्हणून सांगीन."

"आणि मारलीस कशाने?"

"तेवढं कोण विचारतंय."

"टॉर्च सरळ धर. खोटं बोलताना तुझा हात हलतो."

अशा रीतीने मी आयुष्यात प्रथमच पुढच्या टेबलावर बसलो. तिथल्या खुर्च्यांना गाद्या आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. डेनव्हरने विचारले, किती लांबून मारलीस? मी म्हटले, अगदी जवळून. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली आणि सावजाच्या इतक्या जवळ जाणे हीच खरी कला, यावर एकमत झाले.

तेवढ्यात चर्चचे पाळक प्रॉप्स्ट यांच्या दाताखाली काहीतरी कचकन आले. आमच्याकडे गोळीचा तुकडा लागला तर अभिनंदन करतात, म्हणून सगळे हसत पुढे झुकले. पाळकांनी तोंडातून तुकडा काढून उजेडात धरला. गाडीच्या दिव्याचे पिवळे प्लास्टिक. कडेने चमकदार, आतून खाचाखाचांचे.

लोरेटाने मांस तीनदा तपासले होते, हे मला माहीत होते. पण टॉर्च कोणी धरला होता, हेही मला माहीत होते.

लोरेटा डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ज्याच्या गाडीचा असेल त्यानं मुकाट्यानं भांडी घासायला यावं."

गादीचा मोह सोडून मी खुर्ची मागे सरकवली. इतक्या खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. अख्खे पुढचे टेबल उभे होते. डेनव्हर तर ॲप्रनपर्यंत माझ्या आधी पोचला. एकटे पाळक बसून होते. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि बाह्या वर सारत उठले.

"हा माझा नव्हे," ते म्हणाले. "माझ्या गाडीचा आरसा फुटला होता."

स्वयंपाकघरातल्या बायका येऊन गाद्यांवर बसल्या. आम्ही सिंकजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, आणि बंदुकीचा विषय कोणी काढला नाही.

तुम्ही हे वाचताना खुर्चीत बसला असाल, आणि तिला बहुधा गादीही असेल. ती तुम्हाला कशी मिळाली, हे मी विचारत नाही. फक्त कळवून ठेवतो: इथे सिंकपाशी अजून एका माणसाची जागा आहे, आणि ॲप्रन कोरडा आहे.